खाते चारशे सतराची विलंबरेषा

कोल्हापुरातल्या मुदतरक्षक प्रयोगशाळेत सकाळी साडेनऊला पडद्यावर एक पिवळी खूण उमटली. ऋजुता तेंडोलकरला आधी वाटलं, यंत्राचंच काहीतरी चुकलंय.

पिवळी खूण म्हणजे ‘या खात्याकडे लक्ष द्या’. ती सहसा वेंधळ्या लोकांच्या खात्यांपुढे उमटे. मुदतरक्षकाचे बावीस हजार सभासद होते. त्यांत शिंपी होते, गिरणीवाले होते, दंतवैद्य होते, शिकवण्या घेणाऱ्या बाई होत्या. जीएसटीची महिन्याची तारीख, तिमाहीचा आगाऊ कर, जुलैतलं प्राप्तिकराचं विवरणपत्र या सगळ्या मुदती लक्षात ठेवणं आणि ज्याला जशी लागेल तशी आठवण करून देणं, एवढंच त्या यंत्राचं काम. ऋजुताने ते बारा वर्षांपूर्वी उभं केलं होतं.

खाते चारशे सतराने मात्र एकही तारीख कधी चुकवली नव्हती. उलट गेलं दीड वर्ष ते वीस तारखेची मुदत असलेलं विवरणपत्र दोन-तीन तारखेलाच भरून मोकळं होत होतं.

त्या दिवशी डॉ. इम्तियाज बागवान आलेले होते. ते मिरजेचे मेंदूविकारतज्ज्ञ. माणूस टाळाटाळ का करतो हे यंत्राला शिकवण्यासाठी प्रयोगशाळेने त्यांना सल्लागार नेमलं होतं, आणि महिन्यातून एकदा ते येत.

“हे बघा,” ऋजुता म्हणाली, “आपलं यंत्र चांगल्या विद्यार्थ्याला उठाबशा काढायला सांगतंय.”

बागवानांनी खुर्ची जवळ ओढली. पडद्यावर चारशे सतराची विलंबरेषा होती. आठवण मिळाल्यापासून प्रत्यक्ष काम होईपर्यंत माणूस किती वेळ घेतो, हे महिन्यामागून महिने टिपत गेलं की एक वळणदार रेघ तयार होते. हस्ताक्षरासारखी ती ज्याची त्याची असते. कुणी आठवण आली की लगेच उठतो, कुणी तीनदा उघडून बंद करतो, कुणी शेवटच्या दुपारी घाम पुसत बसतो. रेघ ओळखली की कुणाला केव्हा हाक मारायची ते यंत्राला कळे.

“आधीची साडेनऊ वर्षं बघा,” ऋजुताने दाखवलं. “दर महिन्याला वीस तारीख, दुपारचे तीन. घड्याळ लावून घ्यावं असा माणूस. आणि मग अचानक हे. सुधारला म्हणायचा!”

बागवान हसले नाहीत. “भरून झाल्यावर काय करतो?”

“म्हणजे?”

“दोन तारखेला भरलं. तीन तारखेला?”

ऋजुताने रेघेखालची बारीक नोंद उघडली. तीन तारखेला खातं पुन्हा उघडलं होतं. पाच तारखेला दोनदा. एकाच महिन्यात अकरा वेळा तेच विवरणपत्र पुन्हा भरायचा प्रयत्न झाला होता, आणि अकराही वेळा यंत्राने सांगितलं होतं की ते आधीच भरलेलं आहे.



“आठवण दोन प्रकारची असते,” बागवान सावकाश सांगू लागले. “काल काय जेवलो, ही मागची. उद्या काय करायचंय, ही पुढची. हिला भावी स्मृती म्हणू. मेंदूला झीज लागते तेव्हा बऱ्याचदा ही पुढची आधी जाते. हुशार माणसाला ते आतल्या आत जाणवतं. मग तो काय करतो? आठवलं की त्याच क्षणी काम उरकून टाकतो, कारण नंतर आठवेल याचा भरवसा नसतो. लोक म्हणतात, काय शिस्तीचा माणूस! ती शिस्त नसते, भीती असते. पण केलं, हेही पुढे लक्षात राहत नाही. म्हणून पुन्हा बघतो, पुन्हा बघतो.”

“नक्की असंच असेल?”

“नक्की नाही. पण माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा घरच्यांच्या लक्षात येऊन तीन-चार वर्षं गेलेली असतात. इथे दीड वर्षातच दिसतंय. एवढ्या लवकर हाती लागलं तर औषधांनी पुष्कळ काळ सावरता येतं. वय काय यांचं?”

“माहीत नाही. नावही माहीत नाही. यंत्राला माणूस दिसत नाही डॉक्टर, खातं दिसतं. मीच तसं बांधलंय.”

आणि तीच अडचण होती. सभासदांनी आपल्या वेळा दिल्या होत्या त्या मुदत चुकू नये म्हणून, कुणी आपल्या डोक्यात डोकावावं म्हणून नव्हे. तारीख चुकल्याशिवाय खात्यामागचं नाव उघडायचं नाही, हा नियम ऋजुतानेच लिहिला होता. आणि चारशे सतराची तारीख चुकलेली नव्हती.

दुपारभर ती त्या खुणेकडे बघत राहिली. शेवटी तिने नाव न उघडता खात्यावरच एक निरोप धाडला: ‘आमच्या यंत्राविषयी तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचं आहे. चालत असेल तर पत्ता कळवा.’

उत्तर मिनिटाभरात आलं. ‘या की. रविवारी या. जेवायलाच या. मगदूम सायंटिफिक ग्लास, सांगली.’

रविवारी स्वयंचालित बसने दोघं सांगलीला पोचले. मगदुमांचं घर पुढे आणि कारखाना मागे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. भूपाल मगदूम सत्तरीला टेकलेले. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं ते हाताने घडवत. पाहुणे आले तेव्हा त्यांच्या तोंडात फुंकनळी होती आणि ज्योतीवर काच मधासारखी वाकत होती. त्यांनी हातानेच ‘थांबा’ म्हणून खूण केली, नळीला तीन वळसे दिले, आणि मग म्हणाले, “बसा बसा. काच अर्ध्यात सोडली की रुसती.”

ऋजुताने आडपडदा ठेवला नाही. रेषा काय असते, ती कशी बदलली, आणि डॉक्टरसाहेब बरोबर का आलेत, सगळं सांगितलं. “अण्णा, तुम्हाला न विचारता मी हे वाचलं. रागावलात तरी माझं काही म्हणणं नाही. तुम्ही म्हणालात तर आम्ही आत्ता उठतो.”

भूपालअण्णांनी कपाळावरचा काळा चष्मा काढून ठेवला. “आता आलाय तर तपासा की. मला काय, फुकटात डॉक्टर!”

बागवानांनी तपासलं. सहा शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले, आणि वीस मिनिटांनी परत विचारले. अण्णांनी सहाच्या सहा क्रमाने सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर ते डॉक्टरांच्याच पुढे गेले. कुठल्या कॉलेजाला कुठल्या महिन्यात किती नळ्या पाठवायच्या आहेत तेही त्यांनी वहीशिवाय म्हणून दाखवलं.

बागवान गोंधळले. “अण्णा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. मग विवरणपत्र एवढं लवकर का भरता? आणि पुन्हा पुन्हा का उघडून बघता?”

“कोण, मी?” अण्णा हसायला लागले. “मला कुठलं ते भरता येतंय? हे बघा.” त्यांनी दोन्ही हातांची बोटं पुढे केली. टोकं गुळगुळीत होती, गोट्यासारखी. “पन्नास वर्षं तापली काच धरली. ठसेच राहिले नाहीत. आधी मोबाइलला आकडा घातला की चालायचं. दीड वर्षापूर्वी सरकारनं बोट लावायची सक्ती केली, आणि मोबाइल मला ओळखीनाच. तेव्हापासनं ते काम...”

ते बोलता बोलता थांबले आणि स्वयंपाकघराकडे बघू लागले. यंत्राला खातं दिसतं, माणूस दिसत नाही, हे ऋजुतानेच डॉक्टरांना सांगितलं होतं. रेघ बदलली याचा अर्थ माणूस बदलत चाललाय असाच त्यांनी घेतला. माणूसच दुसरा असेल, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात पद्मावती उभ्या होत्या. अण्णांची बायको, धंद्यातली निम्मी भागीदार. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी भरते,” त्या म्हणाल्या. पदराला हात पुसत पुसत त्या आत आल्या आणि खाली बसल्या. “अकरांदा उघडून बघितलं, ते पण दिसलं होय तुम्हाला?”

“हो, अक्का,” ऋजुता म्हणाली.

“मला वाटलं, त्या यंत्राला काय कळतंय. म्हणून तर त्याला विचारत होते.” त्यांचा आवाज शांत होता. “ह्यांना एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तर चालतंय. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस तोंडाकडं बघतो. ते यंत्र बघत नाही. कितींदा पण विचारा, पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगतंय.”

“मी कधी बघितलं तुझ्या तोंडाकडं?” अण्णांनी विचारलं.

“बघितलं नाही. बघाल म्हणून विचारलंच नाही.”

अण्णा उठले. कारखान्याच्या टोकापर्यंत गेले, ज्योत बंद केली, परत आले आणि पद्मावतींच्या शेजारी जमिनीवरच बसले. सत्तरीतला माणूस गुडघे धरत खाली बसला.

पद्मावतींची तपासणी पुढच्या आठवड्यात मिरजेत झाली. बागवानांचा अंदाज खरा ठरला. झीज सुरू झाली होती, पण उंबऱ्याशीच होती. औषधं लागू पडण्यासारखी होती.

“किती दिवस असं निभेल?” पद्मावतींनी विचारलं.

“ते नाही सांगता येत अक्का. वर्षं म्हणा. बरीच वर्षं निघालेली माणसं मी बघितलीत.”

“सरकार बरं तुमच्यापेक्षा. शेवटची तारीख तरी सांगतंय.” आणि मग त्याच हसायला लागल्या. त्या हसल्या म्हणून बागवानही हसले, पण अण्णांना हसता आलं नाही.

ऋजुताही मिरजेला आली होती. तिने त्या दोघांपुढे कागद ठेवला. रेघ वाचणं थांबवायचं की चालू ठेवायचं, हे आता पद्मावतींनी ठरवायचं होतं.

“चालू राहू दे,” त्यांनी सही करत सांगितलं. “आणि विवरणपत्र पण मीच भरणार. तेवढं तरी माझ्याकडं ठेवा. पण एक आहे बघ बाळ. रेघ वाकडी झाली तर आधी मला फोन करायचा. ह्यांना नाही, पोरीला नाही. माझं माझ्याच कानावर आधी आलं पाहिजे.”

ऋजुताने कबूल केलं. त्या खोलीत झालेलं हे बोलणं तिने पुढे प्रयोगशाळेच्या नियमांतच घातलं: रेघ ज्याची, बातमी आधी त्याला, आणि तीही त्याने मागितली असेल तरच. पहिल्या वर्षात चार हजार सभासदांनी ती मागितली.

आठ महिने चारशे सतराची रेघ होती तशीच राहिली. दोन तारखेला काम, मग अकरा वेळा, बारा वेळा, नऊ वेळा विचारणं. बागवान म्हणत, “थांबलंय, हेच खूप आहे.” नवव्या महिन्यात पिवळी खूण पुन्हा उमटली.

विवरणपत्र दोन तारखेला भरलं गेलं होतं, आणि त्यानंतर काहीच नव्हतं. खातं एकदाही उघडलं नव्हतं. रेघ सपाट झाली होती.

बागवान हळू आवाजात म्हणाले, “दोनच गोष्टी असू शकतात. एवढी सुधारणा या आजारात होत नाही. मग एक तर काम दुसऱ्या कुणाच्या हातात गेलंय, किंवा केलंय का नाही अशी शंका येणंच थांबलंय. ते वाईट.”

ऋजुताने फोन हातात घेतला. वचन दिलं होतं म्हणून तो करायलाच हवा होता, नाहीतर तिने तो केला नसता. पलीकडे घंटा वाजत राहिली.

“बोल बाळ,” पद्मावतींचा आवाज आला.

“अक्का, तुम्ही सांगितलं होतं, रेघ बदलली तर आधी तुम्हालाच सांगायचं.”

“बदलली?”

“सपाट झालीय. विवरणपत्र तुम्हीच भरलं ना?”

“मग कोण भरणार? ह्यांच्या बोटांना कुठं ठसे आहेत?”

“मग परत उघडून नाही बघितलंत? एकदाही?”

ऋजुताने डोळे मिटून घेतले.

“नाही बघितलं,” पद्मावती म्हणाल्या. “आता ह्यांना विचारते की.”

ऋजुताने डोळे उघडले. यंत्राने तेवढंच मोजलं होतं जेवढं त्याला विचारलं जात होतं. “किती वेळा विचारता अक्का?”

“ते मला काय आठवतंय!” त्या खळखळून हसल्या. “थांब, त्यांनाच विचार.”

फोन अण्णांच्या हातात गेला. मागे भांड्यांचा आवाज होता. जेवणं चालली असावीत.

“चौदा,” अण्णा म्हणाले. “आज सकाळधरनं चौदा. तुमच्या यंत्राचं बरं आहे ओ ताई, त्याला जेवायचं नसतंय. मला घास हातात धरून सांगावं लागतंय.”

तेवढ्यात मागून पद्मावतींनी काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. अण्णांनी फोन बाजूला केला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला, पण स्पष्ट आला. घाई नव्हती त्यात, आणि कंटाळाही नव्हता.

“झालं की पद्मा, दोन तारखेलाच झालं. तूच केलंस. बस, जेव.”