मामांच्या डब्यातले बल्ब

त्या संध्याकाळी मी इतकी दमले होते, की रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायचंही जिवावर आलं होतं. दोन्ही हातांत जड बॅटरी, पाठीत कळ, आणि वरून बारीक पाऊस. समोरच्या टायरवाल्याकडे बॅटरी द्यायची, शटर ओढायचं आणि वर जाऊन आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

फट-फट-फट असा आवाज आला. दिवा मात्र कुठे दिसला नाही. मग एकदम एक जुनी काळी फटफटी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या कपाळावर काहीतरी पिवळट मिणमिणत होतं.

“हा दिवा आहे की आजारी काजवा?” मी विचारलं.

“दिवाच आहे,” चालवणारा म्हणाला. “मामांच्या काळात लोक यावर खूश असायचे म्हणे.”

“मामांच्या काळात बायका बॅटऱ्या घेऊन रस्त्यात फिरत नसतील.”

“तेही खरंच...” तो उतरला आणि माझ्या हातातली बॅटरी न विचारता त्यानं घेतली. “कुठे ठेवायची?”

एरवी मी नको म्हटलं असतं. त्या दिवशी बोट दाखवलं आणि बाजूला झाले. खरं सांगायचं तर, तिथेच अर्धं काम झालं.

गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान बाबांचं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथर कापायला लागला आणि पकड माझ्या हातात आली. बाबा आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात. एखादी वायर सोलायला घेतात, मग हळूच खाली ठेवतात. गिऱ्हाईक येतं, मला बघतं आणि विचारतं, “काम कोण करतं?” मी म्हणते, “मीच.” मग ते आणखी एकदा बाबांकडे बघून खात्री करून घेतं. हे रोज. माणूस कामानं कमी आणि अशा बघण्यानं जास्त दमतं.

त्यात पंख्यांच्या कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. बसून काम, ठरलेली वेळ, रविवारी सुट्टी. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत सही करून पाठवायचं होतं. दुकान सोडवत नव्हतं आणि ओढवतही नव्हतं. शेवटी मी मनाशी ठरवलं, आता जे मोठं काम येईल ते निर्दोष झालं तर दुकान ठेवायचं, नाहीतर सही.

दुसऱ्या दिवशी दारात तीच फटफटी.

“हिचा काजवा बरा कराल का?” तो म्हणाला. “मामा गेल्या वर्षी गेले. ही माझ्यासाठी ठेवून गेले, आणि सुट्या भागांचा एक डबा.”

मी टाकी उतरवून आत पाहिलं. जुन्या कापडी वायरींचा हात लावताच भुगा होत होता. “सगळंच बदलावं लागेल. ही सहा व्होल्टची आहे, बारावर न्यायची. डायनॅमो, रेग्युलेटर, बॅटरी, हॉर्न, एकूण एक बल्ब. बाहेरून मात्र मामांचीच दिसेल.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“एवढेच?” त्याचा चेहरा जरा पडल्यासारखा झाला.

तो रोज संध्याकाळी यायचा. येताना दोन चहा आणि बाबांचा बिनसाखरेचा तिसरा. स्टुलावर बसून मी वायरी ओढताना बघायचा. बाबांच्या रिवाजाप्रमाणे मी प्रत्येक जोडाला पांढरा दोरा बांधते. तो दोरा कापून हातात द्यायचा, मापात, न सांगता.

“तुम्ही करता काय?” एकदा मी विचारलं.

“कवळ्या बनवतो. दवाखान्यातून साचे येतात, मी दात बसवतो.”

“म्हणजे लोकांचं हसू तुमच्या हातात.”

“चावणंही.”

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन, कारण बाबांनी मान वर करून बघितलं.

“तुमचा डावा सुळा जरा पुढे आहे, उस्ताद,” तो म्हणाला. “अशी कवळी मी पाठवली तर उलट टपाली परत येईल.”

“बरं...”

“पण तो तसाच असायला हवा. सरळ केला तर सगळी मजा जाईल.”

“हे कौतुक होतं का, कवळीवाले?”

“आमच्या धंद्यात यापुढे कुणी जात नाही.”

मी मान खाली घालून स्क्रू शोधत राहिले. स्क्रू माझ्या मुठीतच होता.

काम संपलं त्या संध्याकाळी मी किक मारली आणि दिवा लावला. समोरच्या टायरवाल्याची भिंत लख्ख उजळली. बाबा खुर्चीतून म्हणाले, “उजाडलं.” बाबांच्या तोंडून एवढं ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते. त्या संध्याकाळी पाठ दुखली नाही.

तो मात्र निघता निघेना. हेल्मेट घातलं, काढलं. “आता... काही झालं तर येतो.”

“काही होणार नाही. माझ्या हातचं काम आहे.”

“अजिबातच नाही होणार?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि गेला.

चौथ्या दिवशी तो परत आला. मागचा बल्ब उडाला होता. मी बल्ब काढला, काच आतून काळी पडलेली. म्हणजे विजेचा दाब जास्त होतोय. मी तो आवरणारा रेग्युलेटर मोजला, बरोबर होता. नवा बल्ब घातला. आठवड्यानं पुढचा दिवा गेला. काच काळी. मी रेग्युलेटर बदलला. मग मीटरचा छोटा बल्ब. मी सगळे जोड सोडले, सगळे दोरे कापले, पुन्हा बांधले. रात्री डोळा लागेना. कुठे चुकले, कुठे चुकले, एवढंच चाललेलं. तो स्टुलावर बसून म्हणायचा, “सावकाश होऊ द्या, मला घाई नाही.” आणि मला रडू यायचंच तेवढं बाकी राहायचं.

चौथ्यांदा बल्ब गेला, पुन्हा मागचाच, तेव्हा माझ्यातलं काहीतरी संपलं. मी तो काढून बशीत बाकीच्यांजवळ टाकला, हात पुसले, खणातून कारखान्याचं पत्र काढलं आणि त्याच्यासमोरच सही केली.

“गाडी दुसऱ्या कुणाला दाखवा,” मी म्हणाले. “माझा हात गेला. एक तारखेपासून कारखान्यात जातेय. दुकान बंद.”

त्याचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. “बंद... या बल्बांमुळे?”

“मी ठरवलं होतं. हे काम जमलं तर दुकान, नाहीतर नाही. नाही जमलं.”

तो पांढराफटक पडला. उठला, गाडीवर बसला आणि गेला. मला वाटलं, झालं, हेही एक संपलं. पत्रापेक्षा त्याचंच जास्त लागलं मला, हे लपवून काय करू?

बाबांनी बशीकडे मान वळवली. मग म्हणाले, “बल्ब वाचलास?”

“काय वाचायचंय? मीच बसवलेत ते.”

“म्हणूनच विचारतोय. पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं?”

आधी बल्ब वाच, मग गाडी उघड. मी बशीतले चारही उडालेले बल्ब उचलले. टोपीवरची अक्षरं मुंगीएवढी. दिव्याखाली धरून वाचलं. सहा व्होल्ट. दुसरा, सहा. चारही सहाचेच. बारावर सहाचा बल्ब लावला तर तो क्षणभर भडकणार आणि काळा होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हे बल्ब माझे नव्हतेच. मग हे कुणाचे उद्योग?

गाडी रात्री एकाच माणसाच्या घरी असायची. मी चारही बल्ब परत बशीत टाकले. रागानं.

अर्ध्या तासात फटफटी परत आली. तो भिजलेला, काखेत पत्र्याचा डबा.

“मला काहीतरी सांगायचंय,” तो दारातूनच म्हणाला. “तुमच्या हातात काही खोट नाही. बल्ब मी घालवले. घरी जाऊन तुमचा काढायचो, मामांचा घालायचो.” त्यानं डबा उघडला. कापसात गुंडाळलेले चार बल्ब त्यानं एकेक करून टेबलावर ठेवले. “हे तुमचे. एकही वाया घालवला नाही.”

मी काळे पडलेले चार त्यांच्यासमोर मांडले. त्यानं ते पाहिले आणि खाली बघितलं.

“तुमच्या गमतीपायी मी रात्र रात्र जागले,” मी म्हणाले. “मला वाटलं, मला येतच नाही काही. सही केली मी, कळतंय का?”

“गंमत नव्हती... मला वाटलं, उस्ताद आहेत, पहिल्याच दिवशी पकडतील. रागावतील, का केलंत विचारतील, मग मी सांगेन. तेवढंच धाडस होतं माझ्यात. पण तुम्ही पकडलंच नाही. आणि इथून घरी गेलं की, दिवसभर नुसते साचे आणि दात... घरात बोलायला कुणी नाही. मग पुन्हा डबा उघडायचो. चूक झाली. फार मोठी.”

“आणि मी विचारलं असतं, का केलंत, तर काय सांगणार होता?”

तो बाबांकडे बघून गडबडला. बाबांनी जमेल तेवढ्या घाईनं खुर्ची भिंतीकडे फिरवली.

“की मला तुम्ही हव्या आहात,” तो म्हणाला. “रोज. बल्ब गेला नाही तरी.”

राग होताच, पण त्याच्या खाली बघते तर नुसतं हायसं वाटत होतं. माझा हात शाबूत होता. आणि हा माणूस परत आला होता, भिजत, स्वतःच्या पायांनी.

“मलाही सवय झालीय तुमची,” मी म्हणाले. “सवय कसली, आवडता तुम्ही मला. पण पुन्हा माझ्या कामाला हात लावलात तर मामांकडे पाठवीन.”

“कबूल.”

“डब्यात किती उरलेत?”

“एक.”

त्याच्या गाडीतून काढलेली सहाची जुनी बॅटरी फळीवर होती. तिला तो शेवटचा बल्ब लावून बघितला. पिवळा, मऊ उजेड पडला. आम्ही दोघं थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग मी तो काढला. बल्ब ठेवायचा तर कागदात गुंडाळून ठेवावा लागतो. जवळ कागद एकच होता, सही केलेला. त्यातच गुंडाळला आणि डबा बंद केला.

“दुकान सातला बंद होतं,” मी त्याला सांगितलं. “सव्वासातला मी मोकळी असते. त्याला निमित्त लागत नाही.”

“सात वाजून गेलेत,” बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. “जा, एक चक्कर मारून या. दिवा तपासायला नको?”

मी माझा मागचा बल्ब पुन्हा बसवला, आधी वाचून. शटर त्यानं ओढलं. मी मागे बसले, आणि तीन वर्षांचा शीण एकदमच अंगात उतरला. डोकं त्याच्या ओल्या पाठीवर टेकलं.

“पुढे बघा ना, उस्ताद,” तो म्हणाला. “तुमच्या दिव्यानं रस्ता कसा लख्ख दिसतोय.”

“तुम्ही बघा,” मी म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.