फ्यूज उडालाच कसा नाही?

"थांब! आनंद कसला करतोस? फ्यूज उडायला हवा होता!"

नेवेनाच्या ओरडण्याने ओग्नेनच्या हातातला बुरेकचा घास तोंडाशीच थांबला. सुट्टीभर खपून दोघांनी गावच्या सांस्कृतिक भवनाच्या तळघरातल्या रेडिओ क्लबसाठी वीजपुरवठ्याचा डबा बनवला होता. पण तो सुरू केला की भवनभर अंधार! डब्यातले वीज साठवणारे रिकामे कपॅसिटर पहिल्याच क्षणी अधाशासारखी वीज ओढायचे. शनिवारी स्पर्धा, आणि संचालक मिलुटिननी बजावलं होतं, आणखी एकदा अंधार झाला तर तळघराला कुलूप!

आज मात्र दिवे गेलेच नाहीत.

"नवा फ्यूज लावला असेल," ओग्नेन म्हणाला.

"नव्यालाही झेपला नसता. चल!"

फ्यूजबोर्डाची भिंत गरम लागत होती आणि जळका वास येत होता. नेवेनाने झाकण उघडलं. फ्यूजभोवती जाडजूड तार गुंडाळलेली होती!

"ए पोरी, हात लावू नकोस!" रखवालदार रादिसावकाका धावत आले. "चाळीस वर्षं मी असेच फ्यूज बांधतोय!"

"काका, फ्यूज जळतो म्हणून भिंत वाचते! आता भिंतच जळेल!"

मागून संचालक आले. "तुमच्या डब्यामुळेच करावं लागलं हे. तळघराची किल्ली आण इकडे!"

नेवेनाला ते झोंबलं, कारण अर्धं खरंच होतं.

"डबा खादाड आहे, मान्य. त्याला शिस्त आम्ही लावू. काका, तार काढून खरा फ्यूज लावा. आमच्या डब्याने तो उडाला तर किल्ली मी स्वतः देईन. नाही उडाला तर भवनातल्या फ्यूजांवरची एकूण एक तार निघाली पाहिजे!"

"बरं, बघूच!" संचालक हसले.

काकांनी तार काढून खरा फ्यूज लावला. दोघांनी डब्याचा प्लग काढला, कपॅसिटर रिकामे केले आणि विजेच्या वाटेत एक जुना पिवळा बल्ब बसवला. आधी वीज बल्बमधून बेताबेताने जाणार. कपॅसिटर भरले की रिले, म्हणजे आपोआप पडणारा खटका, बल्बला बाजूला सारणार.

नेवेनाने बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला, हळूहळू मंदावला आणि टक्! रिले लागला. भवनातले दिवे जिथल्या तिथे!

"नशीब तुमचं!" संचालक गुरगुरले.

"पुन्हा करू?"

तिने पुन्हा केलं. फ्यूज ढिम्म हलला नाही. तिने प्लग काढून घेतला. संचालक घाम पुसत, पाय आपटत वर गेले.

आणि फट्! अंधार!

"बघितलंत? तुमचाच डबा!" वरून आवाज आला.

"साहेब, डब्याचा प्लग माझ्या हातात आहे!" नेवेना जिन्याखालून ओरडली. "तुम्ही आत्ता काय लावलंत?"

रादिसावकाकांनी मान खाली घातली.

"साहेबांच्या खोलीत दोन एसी आहेत," ते पुटपुटले. "काल दुसरा आला तेव्हाच साहेब म्हणाले, तार गुंडाळ. नाव तुमच्या डब्याचं झालं, आणि मी गप्प बसलो."

"काका!" ओग्नेनचा आवाज चढला. "आमचा क्लब बंद पडला असता!"

"हो रे. आणि भवन पेटलं असतं. चाळीस वर्षांत हे मला तोंडावर सांगणारी ही पहिलीच. शाब्बास, पोरी! किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मला पक्कड दे, वरच्या तारा काढायच्यात."

"रादिसाव!" वरून संचालक ओरडले. "इथे जीव जातोय उकाड्याने!"

काकांनी तोंड उघडण्याआधीच नेवेना ओरडली, "खिडकी उघडा, साहेब!"