सात नंबरचा मासा

बिवा सरोवरातून आम्हाला एकच मासा पकडून आणायचा होता, आणि तोही ठरलेला. त्याच्या भाऊबंदांपैकी दुसरा कोणी चालणार नव्हता.

स्वप्ना, म्हणजे माझी बायको, ओसाकाच्या एका विद्यापीठात माशांवर संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी तिनं बिवाच्या वीस ट्राउट माशांच्या पोटात पेराएवढी यंत्रं बसवून त्यांना पाण्यात सोडलं होतं. मासा किती खोल आहे हे यंत्र साठवून ठेवतं आणि टिकटिक करत पाण्यात सांगतही राहतं. ती टिकटिक मात्र जेमतेम अर्धा किलोमीटर ऐकू जाते. साठवलेलं सगळं हवं असेल तर मासाच हातात यायला हवा. एकोणीस मासे बेपत्ता झाले होते. उरला होता सात नंबर.

तिचा प्रश्न साधा होता. मार्चअखेर हिरा डोंगरावरून वादळी वारा सुटतो, तेव्हा हे मासे जातात कुठे? तिचे प्राध्यापक म्हणत, किनाऱ्याला. स्वप्ना म्हणे, खोल तळाकडे. एकतीस मार्चला तिचा करार संपत होता. उत्तर मिळालं तर पुढची तीन वर्षं काम, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला परत. आणि आज अठ्ठावीस तारीख होती!

सकाळी सहाला आम्ही हिकोनेच्या धक्क्यावरून निघालो. बोट निशिकावा-सान यांची; सान म्हणजे आपलं 'राव'. वय सत्तरीचं, बोलणं मोजकं. मी बँकेतला सॉफ्टवेअरवाला. माझ्याकडे हवामान बघायचं आणि दुभाष्याचं काम होतं. उलट्या करण्याचं काम मी आपणहून घेतलं.

चार गळ मागे सोडून बोट माणसाच्या चालीनं जायची. पाण्याखाली पत्र्याची चकचकीत आमिषं लहान माशासारखी वळवळत यायची. गळांना उलटा काटा नव्हता, कारण स्वप्नाला माशाला इजा नको होती. कानाला हेडफोन लावून, पाण्यात मायक्रोफोन सोडून ती बसली होती. डावीकडे ओकिनोशिमा बेट, त्यापलीकडे पश्चिमेला हिराचे बर्फाचे माथे, आणि पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत. साडेनऊपर्यंत आम्ही बेटाच्या उत्तरेला तीन फेऱ्या मारल्या. मग ती एकदम ताठ बसली.

"शैलेंद्र, सात नंबर! बारा मीटर खोल आहे, आपल्या मागेच."

त्याच वेळी निशिकावा-साननी मान वर केली. हिराच्या माथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी चढली होती.

"वारा येणार," ते म्हणाले. "दोऱ्या गुंडाळा."

मी मोबाइल पुढे केला. "अकरा वाजता येणार आहे, निशिकावा-सान. आत्ता पावणेदहाच झालेत."

सहा वर्षं या देशात राहून आम्हाला एक खोड लागली होती. इथं गाडी एक मिनिट उशिरा आली तरी स्टेशनवर माफी मागतात. त्यामुळे इथला वारासुद्धा वेळापत्रक पाळत असणार, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"वाऱ्यानं तुमचा मोबाइल पाहिलेला नाही," ते म्हणाले.

"एकच फेरी," स्वप्नानं हात जोडले. "परत हा मासा मला सापडणार नाही."

ते गप्प झाले आणि त्यांनी सुकाणू वळवलं. ऑफिसात ही गप्प बसण्याची रीत मी शंभरदा पाहिली आहे. तिचा अर्थ होकार नसतो. तरी मी तोंड उघडलं नाही. स्वप्नाचा मासा मलाही हवा होता.

दहाला पाच कमी असताना उजवीकडच्या गळाची काठी वाकली. रीळ किंचाळलं!

"तोच आहे!" स्वप्नानं काठी धरली. दोरी सुटत गेली. तिनं ओढली. पुन्हा सुटली. वीस मीटरवर चांदीसारखी पाठ चमकली आणि बुडाली.

आणि पश्चिमेकडून पाण्यावर काळी रेघ धावत आली.

वारा! पहिल्याच फटक्यानं माझी टोपी उडाली. दुसऱ्यानं मी आडवा झालो. छातीएवढी लाट बोटीत शिरली. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. बाकीचे तीन गळ आत घ्यायचं मी विसरलो होतो, आणि त्यांतल्या एकाची दोरी इंजिनच्या पंख्यात गुंतली होती. बोट लाटांना आडवी फिरली. अशा दोन लाटा आणखी आल्या असत्या, तर आम्ही उलटलो असतो.

निशिकावा-सान दातात सुरी धरून मागच्या कडेवर पालथे पडले. मी त्यांचे पाय घट्ट धरले. बर्फासारख्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी दोरी कापली, उरलेल्या दोन्हीही तोडल्या. इंजिन सुरू झालं. बेटाच्या आडोशाला जायचं तर वळायला हवं होतं, आणि वळलं की स्वप्नाची दोरी पुन्हा पंख्यात.

त्यांनी सुरी तिच्यापुढे धरली.

स्वप्नानं पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग सर्रकन दोरी कापली.

पंधरा मिनिटांनी आम्ही ओकिनोशिमाच्या पूर्वेच्या कड्याखाली होतो. डोक्यावरून वारा घोंघावत होता. खाली पाणी नुसतं हलत होतं. स्वप्ना निशिकावा-सानपुढे कमरेत वाकली. "चूक माझी होती."

"माझीही. मी नाही म्हणायला हवं होतं," निशिकावा-सान म्हणाले. मग त्यांनी ओल्या हेडफोनकडे बोट केलं. "या वाऱ्यात इथं कधी कोणी थांबत नाही, मासे काय करतात ते कोणी पाहिलेलं नाही. ऐका तरी."

तिनं मायक्रोफोन पाण्यात सोडला. बराच वेळ काही नाही. मग तिचा हात माझ्या मनगटावर आवळला.

"टिकटिक करतोय. अठरा मीटर."

आता गळ नव्हता, आमिष नव्हतं. तुषारांपासून वाचवायला मी वहीवर छत्री धरली आणि ती लिहीत राहिली. चोवीस. सत्तावीस. वारा वाढला तसा मासा उतरत गेला, आणि एकतीस मीटरवर जाऊन थांबला. दोन तास वादळ चाललं. दोन तास तो तिथंच होता. जे उत्तर आम्ही त्याच्या पोटातून काढायला निघालो होतो, ते तो पाण्यात राहून स्वतःच सांगत होता. स्वप्ना लिहिता लिहिता रडत होती. मीही रडलो, लपवायचं कारण नव्हतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी प्राध्यापकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "माझा अंदाज चुकला. एप्रिलपासून कामावर या."

पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा त्याच बोटीत होतो, आठ नव्या माशांच्या मागावर. आकाश निरभ्र होतं. हेडफोनमध्ये टिकटिक नुकतीच सुरू झाली होती. निशिकावा-साननी हिराकडे एक नजर टाकली. बोलले काहीच नाहीत.

मी मोबाइल खिशातून काढला नाही. स्वप्नानं हेडफोन उतरवला, आणि आम्ही दोघं दोऱ्या गुंडाळायला लागलो.