प्रश्नाआधीचं उत्तर

कॉलेजात मराठी विषय घेणारी मुलं संपली, पण गुरुप्रसादची नोकरीची वर्षं संपायला अजून अवकाश होता. म्हणून तो मशीनला मालवणी शिकवायला लागला.

मालवणात, बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर एका पुण्याच्या कंपनीने खोली घेतली होती. होडीवाल्यांनी सरकारच्या फुकट नंबरावर फोन करायचा, वारा कसा, लाट केवढी, मासळीला भाव काय ते आपल्या बोलीत विचारायचं, आणि मशीनने त्याच बोलीत उत्तर द्यायचं, अशी योजना. खालून दिवसभर बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज आणि अमोनियाचा वास यायचा. वर गुरुप्रसाद कानाला हेडफोन लावून लोकांचे प्रश्न ऐकायचा आणि मशीनला त्यांचे अर्थ सांगायचा. मशीनचा आवाजही त्याचाच होता. आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेल्या खोलीत बसवून त्याच्याकडून वाक्यं वाचून घेतली होती आणि त्यांचे तुकडे करून मशीन आता वाटेल ते बोलत असे. ‘तुमची अडचण माका समाजता’ हे वाक्य गुरुप्रसाद जन्मात कुणाला म्हणाला नव्हता. बायकोला तर नाहीच.

काम कंटाळवाणं होतं, पण अवघड होतं. माणसं विचारतात त्यातलं निम्मं प्रश्न नसतंच, हे मशीनला पटवणं म्हणजे विद्यापीठाला पटवण्यासारखं. ‘काय मरे, काय म्हणतंस?’ याला उत्तर नको असतं. आणि सगळ्यात चिवट तो ‘मां’. ‘जेवलंस मां?’ ‘पाऊस नाय मां?’ वाक्याच्या शेवटी मां आला की विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच असतं. त्याला फक्त समोरून ‘व्हय’ हवं असतं. गुरुप्रसादने शेवटी नियमच करून टाकला. मां ऐकलास की व्हय म्हण आणि त्याचंच बोलणं त्याला परत दे. लोक खूश झाले. पुण्याहून योगिनी नावाच्या इंजिनीयर मुलीने अभिनंदनाचा मेल पाठवला.

दिवाळीच्या सुमाराला पडद्यावर अशी उत्तरं दिसू लागली ज्यांच्यापुढे प्रश्नच नव्हता.

‘‘एका ओळीचा ऑफसेट आहे, सर,’’ योगिनी फोनवर म्हणाली. ‘‘उत्तर आधी नोंदलं जातंय, प्रश्न मागून. पुढच्या अपडेटमध्ये जाईल.’’

‘‘मागून म्हणजे किती मागून? कधीकधी दुसऱ्या दिवशी येतो.’’

‘‘सर्व्हर स्लो आहे सर.’’

या वाक्यावर कुणाचंच काही चालत नाही, हे गुरुप्रसादला कॉलेजपासून ठाऊक होतं. त्याने फोन ठेवला. मशीन त्याच्या आवाजात ‘निवतीच्या खडपात’ म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी बाबली नावाच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराने फोन करून विचारलं, ‘माजा जाळा खंय गावतला?’ उत्तर ऐकून बाबली निवतीला गेला. जाळं तिथल्या खडपात, खडकांच्या कपारीत अडकलेलं होतं.

गुरुप्रसादने त्याला मासळी बाजारात गाठलं. ‘‘बाबल्या, जाळा व्हावान कधी गेला तुजा?’’

‘‘फोन केलंय त्याच सकाळी. कित्याक?’’

‘‘मशीनीन उत्तर आदल्या दिवशी दिलेला.’’

बाबलीने बांगड्यांवरची माशी हाकलली. ‘‘मगे? सरकारी कामात येवढी घाई कोण करता? बरा झाला.’’

‘‘अरे, तेव्हा तुजा जाळा घराकडे होता.’’

‘‘सरानु, तुमी शिकलेली माणसा,’’ बाबली म्हणाला. ‘‘जाळा गावला. आता खंय बोट दाखवतलात?’’ आणि त्याने गुरुप्रसादला बांगडे दिले. त्यामुळे विषय संपला.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर एक उत्तर आलं. समोरची प्रश्नाची जागा नेहमीप्रमाणे मोकळी होती, पण फोन करणाऱ्याचा नंबर मात्र आधीच आला होता. नंबर सुशीलाचा होता. सुशीला म्हणजे गुरुप्रसादची बायको, आणि तिला वाऱ्याशी किंवा लाटेशी काही घेणं नव्हतं.

त्याने हेडफोन लावला. त्याचाच आवाज नीट, सावकाश म्हणाला:

‘व्हय, दोगांचाच वाढा.’

खाली बर्फ फोडायचं काम थांबलं होतं. गुरुप्रसादने ते वाक्य पुन्हा ऐकलं. सुरुवातीला व्हय होतं. म्हणजे प्रश्नाच्या शेवटी मां असणार. नियम त्याचाच. प्रश्न त्यामुळे सरळ हाताशी येत होता: दोगांचाच वाढू मां?

घरात जेवणारी माणसं तीन होती. तो, सुशीला आणि मुलगा दीपेश, जो पर्यटकांना होडीतून प्रवाळ दाखवायला घेऊन जात असे. समुद्रावर जाणारा तिघांत एकच.

‘‘प्रश्न आलाच नाही, तर उत्तराचं काय होतं?’’ त्याने योगिनीला विचारलं.

‘‘रांगेत पडून राहतं, सर.’’

‘‘पुसून टाका.’’

थोडा वेळ नुसती बोटं चालल्याचा आवाज आला. ‘‘पुसलं. परत आलंय. अजब आहे.’’ मग ती म्हणाली, ‘‘सर, घरगुती वाक्य दिसतंय. तुम्हीच टेस्टिंगला रेकॉर्ड केलं असेल.’’

गुरुप्रसादने ते वाक्य कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. पण थकलेल्या माणसाने कोणाकोणाशी वाद घालायचा.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. सकाळी, दीपेश आंघोळीला गेला असताना, त्याने होडीच्या इंजिनाची चावी खुंटीवरून काढून शर्टाच्या खिशात टाकली. सुशीलाचा फोन बंद करून देव्हाऱ्याच्या मागे ठेवला. एवढं केल्यावर त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. पण मुलगा घरात राहणार होता, आणि लाजेपेक्षा ते जास्त होतं.

‘‘आये, चावी खंय ठेवलंस?’’ दीपेशने घर उलटंपालटं केलं.

‘‘मी कित्याक ठेवू? मी काय होडी चलवतंय? तुज्या बापाशीक विचार. आज घराकडे बसलेहत, कायतरी करतलेच.’’

‘‘बाबा, बघलात?’’

‘‘नाय रे,’’ गुरुप्रसाद म्हणाला.

‘‘लोक जेटीवर येवन थांबलेहत. शिव्या घालतले माका.’’

‘‘घालूंदे. आज वारो बरो नाय.’’

‘‘हा, आता वारो पण मराठीच्या पुस्तकात दिसाक लागलो,’’ सुशीला म्हणाली.

दीपेश हसला नाही. मित्राला फोन करून त्याने पर्यटकांना दुसऱ्या होडीत बसवलं आणि मग वैतागून आंब्याखाली झोपला. गुरुप्रसाद ओटीवर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत राहिला. छाती वरखाली होत होती. गेल्या कित्येक वर्षांत त्याने मुलाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

दुपारी आमटीचा वास सुटला. गुरुप्रसाद आत गेला. फळीवरची तीन ताटं काढली, विसळली, पुसली आणि जमिनीवर तीन पाट मांडून त्यांच्यासमोर ठेवली.

सुशीला बघत राहिली. ‘‘आज खंयचो सूर्य उगवलो? बरा वाटता मां तुमका?’’

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘तिगांचा वाढ. इचारू नको, नुसता वाढ.’’

‘‘इचारतला कोण? दिसत नाय काय माका, तिगा आसव ती?’’

त्याला बरं वाटलं. तो आपल्या पाटावर बसला. दीपेश डोळे चोळत आला आणि समोर टेकला.

‘‘दुपारनंतर तरी जावक गावता काय बघतंय,’’ दीपेश म्हणाला. ‘‘वाऱ्याचा इचारतंय त्या नंबराक. माजो फोन मेलो. आये, तुजो दी.’’

‘‘सकाळपासून माकाच गावना नाय. खंय गेलो काय म्हायत.’’

दीपेश उठला. घरातली वस्तू हरवली की तो आधी देव्हाऱ्यामागे बघायचा, लहानपणापासून. फोन घेऊन आला, चालू केला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून पाटाशेजारी ठेवला.

‘‘तो बंद कर,’’ गुरुप्रसाद म्हणाला.

‘नमस्कार,’ फोनमधून गुरुप्रसादचा आवाज म्हणाला. ‘तुमका काय इचारूचा आसा?’

‘‘दीपेश, बंद कर तो.’’

दीपेशने मान वर केली नाही. सुशीला भाताचं पातेलं घेऊन आली. तिने पाटांकडे पाहिलं. मग दीपेशकडे. हातातला पळा तिने सहज थांबवला, रोज थांबवत असल्यासारखा.

‘‘दोगांचाच वाढू मां?’’

‘व्हय,’ फोन म्हणाला. ‘दोगांचाच वाढा.’

‘‘सुशीला,’’ गुरुप्रसाद म्हणाला.

तिने दीपेशला भात वाढला. स्वतःच्या ताटात वाढला. आमटी वाढली.

‘‘सुशीला, माजा?’’

ती पाटावर बसली.

गुरुप्रसादने दीपेशचा हात धरला. दीपेशने त्याच हाताने लिंबू पिळलं आणि घास घेतला.

‘‘चावी माज्याकडे आसा रे. खिशात आसा. बघ.’’ त्याने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

‘‘आये,’’ दीपेश खात खात म्हणाला, ‘‘चावी खुंटीवरच आसा बघ. सकाळी माका दिसाक कशी नाय?’’

‘‘डोळे उघडे ठेवन शोध जरा.’’

फोन अजून चालू होता. ‘आणखी काय इचारूचा आसा?’ त्याने गुरुप्रसादच्या आवाजात, त्याच्यापेक्षा जरा प्रेमाने विचारलं. सुशीलाने तो बंद केला आणि क्षणभर पडद्यावर हात ठेवून बसली. दीपेशने दुसरीकडे पाहिलं.

मग तिचं लक्ष तिसऱ्या ताटाकडे गेलं.

‘‘ह्या ताट कोणी काढला रे?’’

‘‘मी,’’ गुरुप्रसाद म्हणाला. ‘‘अगो, मी काढलंय.’’

‘‘मी नाय हा,’’ दीपेश म्हणाला.

सुशीलाने ताट उचललं, पदराने पुसलं, आणि फळीवर ठेवायला उठली. पदरावर कित्येक महिन्यांच्या धुळीचा जाड पट्टा उमटला होता.