जाताना येणारा आवाज

कानवाल्या मिस्त्रीकडे गाडी नेली की तो आधी बॉनेटला हात लावत नसे, आधी पंखा बंद करी. मग रस्त्यावरची वर्दळ ऐकू येऊ नये म्हणून शटर निम्म्याच्या खाली ओढी. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बायको म्हणायची, "इंजिनाचं कुजबुजणंसुद्धा ऐकू येतं, माझी हाक तेवढी येत नाही."

त्या दुपारी गाडी त्याच्या धाकट्या बहिणीची होती. नवऱ्याची बदली झालेली, सामान पुढे गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घाट उतरून नवऱ्याकडे पोचायचं होतं. सोबतीला फक्त तीन वर्षांची ठकी.

"दादा, बॉनेटमधून टकटक येते रे. नखानं डबा वाजवावा तशी."

"कधी येते?"

"सकाळी ठकीला बालवाडीत सोडायला जाताना. तिला सोडून परत येताना नाही येत."

"जाताना चढ आहे, इंजिनावर जोर पडतो," मिस्त्री म्हणाला. "बस आत, गाडी चालू ठेव. मी सांगेन तशी रेस दे. आणि पाय जरा हलका ठेव बाई, चूल पेटवायची नाहीये."

मागच्या सीटवर ठकी गाढ झोपली होती. मिस्त्रीने बॉनेट उचललं. आता त्याला ना बहीण दिसत होती, ना काच. शटरखालून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता, बाकी सगळा काळोख आणि तापलेल्या तेलाचा वास.

टकटक होती. पण पेचकस फॅनबेल्टजवळ लावला तरी तेवढीच जवळ, इंजिनाच्या डोक्यावर लावला तरी तेवढीच. बिघाडाला जागा असते. इथे जागाच सापडेना.

"रेस दे."

इंजिन घुमलं.

"सोड... आता अगदी थोडी."

अगदी थोडीच मिळाली, मोजूनमापून. मिस्त्रीला हसू आलं. "वा गं वा! शिकलीस की!"

उत्तर आलं नाही.

"बंद कर."

इंजिन बंद पडलं. टकटक मात्र चालूच राहिली. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, हे त्याला ठाऊक होतं, पण ते हळूहळू मंदावतं. ही मंदावत नव्हती. दोनदा वाजे, थांबे, मग एकदा. कुणीतरी दाराशी उभं राहून वाट पाहावी तशी.

त्याने श्वास रोखला. तेवढ्यात पाठीमागून, शटरखालून आवाज आला, "दादा, चहात साखर किती घालू रे? वहिनी विचारतेय."

पेचकस त्याच्या हातातून निसटून खाली वाजला.

"तू... तू कधी उतरलीस?"

"तू डोळे मिटलेस तेव्हाच. ठकी झोपलेली, म्हणून हाक नाही मारली." बहीण वाकून आत आली. "गाडी चालू ठेवून गेले होते मी. बंद कुणी केली?"

मिस्त्री बॉनेटला वळसा घालून दाराशी गेला. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. मागे ठकी उठून बसली होती, न रडता, न हाक मारता. त्याने दार उघडून तिला उचललं. तिची पावलं गाडीच्या बाहेर आली आणि टकटक थांबली.

गॅरेजमध्ये इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती.

"एक सांग," तो हळूच म्हणाला. "दुपारी हिला आणायला जातेस, तेव्हा येतो आवाज?"

"नाही, जाताना नाही. तेव्हा येताना..."

बहीण बोलता बोलता थांबली. तिने ठकीला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

मिस्त्रीने बॅटरीची तार काढली, शटर पूर्ण खाली ओढून कुलूप घातलं. "उद्या बसनं जा," एवढंच बोलला. "माणसांनी भरलेली असते." चहा तसाच निवून गेला.

सकाळी स्टँडवर लख्ख ऊन होतं. पिशव्यांची ओढाओढ, कंडक्टरची आरडाओरड, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक. त्या गोंगाटात मिस्त्रीच्या जिवात जीव आला. ठकीला खिडकीची जागा मिळाली. बस हलली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

ड्रायव्हर खाली उतरला, पुढचं झाकण उघडून वाकला. मिस्त्री धावतच त्याच्यापाशी गेला.

"काय झालं हो?"

"काय की बुवा. आत काहीतरी टकटकतंय." ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "इंजिन तर बंद केलंय मी."

या वेळी मिस्त्रीला पेचकस लागला नाही. सगळ्या गोंगाटातून ती टकटक त्याला स्वच्छ ऐकू आली.

त्याने वर पाहिलं. बहीण पाठमोरी उभी राहून फळीवर पिशवी चढवत होती. ठकी काचेला नाक लावून त्याच्याकडेच बघत होती. "उतरा, खाली उतरा" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं.

ठकी गोड हसली. आणि झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून एखादी आई जशी खूण करते, तसं तिने सावकाश आपलं बोट ओठांवर ठेवलं.