गार इंजिन

माझा मामा थापाड्या आहे, हे आधीच सांगून टाकतो. साध्या पंक्चरचीसुद्धा तो अर्धा तास गोष्ट रंगवेल. पण ही एक गोष्ट तो कधीच फुगवत नाही. उलट दर वेळी थोडी कमीच सांगतो. म्हणून मला ती खरी वाटते.

आणि शेवटचा भाग तर मी माझ्याच हाताने तपासलाय.

मामा मोटारसायकली दुरुस्त करतो. जुन्या, ज्यांच्या कंपन्या कधीच बंद पडल्या अशा. त्याची स्वतःची गाडी तसलीच. त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या मोठ्या मामांचीही तसलीच. कंपनी एकच, मॉडेलमध्ये दोन वर्षांचा फरक. लांबून पाहिलं तर जुळी भावंडं.

मोठे मामा संध्याकाळी फेरी मारायला गेले आणि परत आलेच नाहीत. वळणावर गाडी स्टँडला लावलेली. ते शेजारच्या कठड्याला टेकून बसलेले. हृदय बंद पडलं होतं.

इंजिन मात्र... चालूच होतं.

ते बंद करायला कुणी धजेना. शेवटी मोठ्या मामीनेच किल्ली फिरवली. गाडी ढकलत घरी आणवली, मागच्या खोलीत लावली, टाकी रिकामी करवली आणि वर चादर घातली.

"भाऊजी, हिला हात लावायचा नाही," ती मामाला म्हणाली. "मी बंद केलीय तशीच राहू दे."

मामाने शब्द दिला. सहा वर्षं पाळलाही.

मग त्याच्या गाडीचा कॅमशाफ्ट गेला. इंजिनमधला हा एक दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात, ते फिरता फिरता व्हॉल्व्ह उघडतात. मामाच्या शाफ्टचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. गाडी चढावर धापा टाकायची आणि व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट सतत टकटक वाजायचे. मामाने सगळे भंगारवाले पालथे घातले. तसला शाफ्ट मिळेना. आणि इकडे चादरीखाली एक धडधाकट शाफ्ट नुसता पडून होता.

मोठी मामी आठ दिवस लेकीकडे गेली. तिच्या घराची किल्ली मामाकडे होती.

रविवार होता. भर दुपारची वेळ. मामाने दोन्ही इंजिनं उघडली. दोन्ही शाफ्टची मापं तंतोतंत जुळली. मोठ्या मामांचा शाफ्ट आपल्या गाडीत घातला. तिकडची जागा रिकामी ठेवायचं मन होईना, म्हणून आपला झिजलेला तिथे बसवला. बोल्ट जागच्या जागी, चादरही होती तशी.

कुणाला कळणार होतं?

गाडी लोण्यासारखी चालली. मामा खुशीत वीस किलोमीटर फिरून आला. उतरल्यावर सवयीने इंजिनजवळ हात नेला...

गार.

त्याने बोट लावलं. मग तळहात टेकवला. शेवटी सायलेन्सर मुठीत धरला. वीस किलोमीटर चाललेली गाडी, आणि लोखंड पहाटे उघड्यावर पडल्यासारखं गारठलेलं.

मामी परत आली त्या दिवशीही मामा फिरून आला होता. सातच्या सुमारास तिचा फोन आला.

"भाऊजी, जरा येता का? गाडी तापलीय."

"उन्हाने तापली असेल, वहिनी."

"त्या खोलीला खिडकी नाही, भाऊजी."

मामा गेला. चादरीखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटं भाजली होती. टाकी उघडून पाहिली तर ठणठणीत कोरडी.

मेकॅनिक लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतात आणि मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. मामाने तसंच केलं.

आधी काहीच नाही.

मग खूप लांबून... टकटक... टकटक...

तो आवाज मामाने झोपेतही ओळखला असता. त्याच्याच झिजलेल्या शाफ्टचा होता. कुणीतरी गाडी चालवत होतं.

मग दोनदा रेस झाली. घुर्र... घुर्र... आणि सगळं शांत.

मोठे मामा नेहमी तसंच करायचे. दोनदा रेस करून मगच गाडी बंद.

"काय ऐकलंत?" मामीने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाला. तेव्हा मात्र तो खोटं बोलला.

पुढे हे रोजचंच झालं. मामा फिरून आला की त्याची गाडी गार आणि तिकडची गरम. मामा फिरला नाही की तिकडचीही गार. मामी संध्याकाळी स्टूल घेऊन त्या खोलीत बसायला लागली, दोन्ही तळहात इंजिनवर ठेवून. तिला नीट जेवण जायला लागलं. एकदा तर ती हसलीसुद्धा.

ते हसू पाहून मामाचा धीर सुटला. त्याने सगळं कबूल केलं. मामीच्या समोरच त्याने शाफ्ट होते तिथे परत बसवले.

त्या संध्याकाळी मामाची गाडी चांगली तापली. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

पाचव्या दिवशी मामी त्याच्या गॅरेजमध्ये आली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"भाऊजी, परत बदला."

"वहिनी, नको. हे बरं नाही. तिथे कोण आहे, आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"आणि तो दादा नसला तर?"

मामीने त्याच्या गाडीच्या इंजिनवर तळहात टेकवला.

"कुणीतरी आहे ना, भाऊजी," ती म्हणाली.

मामाने शाफ्ट बदलले.

याला आठ वर्षं झाली. मामा रोज संध्याकाळी फिरतो. पाऊस असो, अंगात ताप असो, चुकवत नाही. मामी तिकडे वाट बघत असते. मामाचे हात मात्र हळूहळू गार पडत गेलेत. भर उन्हाळ्यात हातात हात घेतला तरी दचकायला होतं. डॉक्टर म्हणतात, वयोमानाने रक्त नीट खेळत नाही. मामा मान डोलावतो आणि हात खिशात घालतो.

गेल्या आठवड्यात त्याचा गुडघा पार गेला. किक बसेना. त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"तेवढी फेरी मार. ती थांबली असेल."

मी हसतच गेलो. वीस किलोमीटर फिरून आलो. इंजिनवर तळहात टेकवला.

गार होतं.

पण मला झोप येत नाही ती त्यामुळे नाही. गाडी बंद करण्याआधी मी दोनदा रेस केली होती.

मला तसली सवय नाही. मी ती केली हे मला किल्ली फिरवल्यावर कळलं.

आज सहावा दिवस आहे. हे टाइप करताना बोटं नीट वळत नाहीयेत, पुन्हा पुन्हा चोळावी लागतायत. साडेपाच वाजलेत. नाही म्हणावं असं दुपारपासून घोकतोय. पण मामी आत्ता स्टूल घेऊन त्या खोलीत गेली असेल.