वायरीवरची ओढणी

"ओ ताई, ती गोधडी काढा ना! जल्दी! माझी मीटिंग चालू हाये!"

अक्षता दचकली. शेजारच्या गच्चीवर एक उंच, सावळा मुलगा हातवारे करत होता. ती कालच जालन्याहून शिक्षण आटपून मंठ्याला घरी आली होती. वडिलांनी घरातलं नेट शेजारी नव्यानं राहायला आलेल्या या राजानंदलाही दिलंय, त्याचा कॉम्प्युटर गच्चीवरून गेलेल्या वायरीवर चालतो, हे तिला कोण सांगणार? तिनं आपली दोरी समजून ओली गोधडी टाकली, अन् ओझ्यानं वायर खालच्या नेटच्या डब्यातून निसटली!

तिनं गोधडी ओढली, पळत खाली जाऊन वायर खोचली. परत वर आली तर स्वारी गालात हसत तिथंच उभी.

"मीटिंग?"

"गेली उडत," तो म्हणाला. "तुम्ही... रोज गोधड्या धुता का?"

गोधडी काही कुणी रोज धूत नाही. पण ओढणी? ती रोज वाळत घातली तर कोण विचारतं? मंग काय, अक्षताबाई "चुकून" वायरीवरच ओढणी टाकू लागल्या. ओढणीचं ओझं ते किती! नेट आपलं सुरळीत चालू असायचं. तरी राजानंद वर यायचाच.

"नेट गेलं वाटतं..."

"हो ना, माझंबी," ती बिनदिक्कत म्हणायची. खाली तिच्या लॅपटॉपवर नेटवरचं गाणं वाजत असायचं.

एके दिवशी तो म्हणाला, "कंपनीनं स्वतःचं कनेक्शन घ्यायला लावलंय. उद्या ही वायर काढतो."

"बरं झालं," अक्षता म्हणाली, अन् जिन्यात जाऊन रडली. वायर गेल्यावर त्यानं वर यायचं कशाला? पोरीचा जीव जडला होता, अन् सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर फिरकलीच नाही. संध्याकाळी वरून हाक आली, "अक्षता!"

ताई नाही. नुसतं अक्षता.

ती धावतच वर गेली. वायर नव्हती. तिच्या जागी, त्याच्या कठड्यापासून हिच्या कठड्यापर्यंत, नवीकोरी नायलॉनची दोरी ताणलेली.

"हे काय?"

"गोधडीसाठी. बिलकुल तुटणार न्हाई." त्याचे कान लाल झाले होते. "आई उद्या तुमच्या घरी बोलणी करायला येऊन राह्यली. पण आधी तुला इचारतो... चालंल का?"

अक्षतानं खांद्यावरची ओढणी काढली, दोरीवर टाकली, वर चिमटा लावला.

"अगं, कोरडीच हाये की ती!"

"म्हाईत हाये," ती म्हणाली. "आजपर्यंतच्या सगळ्या कोरड्याच होत्या."